अण्णांची पाचर

मुलांनो, आज एक कोडं. विळी, कुऱ्हाड आणि तुमचे पुढचे दात, यांच्यात सारखं काय?

"बाई, धार!" म्हणालात ना? शाबास! पण धार म्हणजे तरी काय? पुढे पातळ आणि मागे जाड होत जाणारी पाचर. ती आत घुसली, की वस्तूला दोन्ही बाजूंना ढकलते.

आता जळणाचा ओंडका घ्या. लाकडातले तंतू झाड वाढतं त्या दिशेनं, म्हणजे उभे असतात. म्हणून ओंडका उभा ठेवून घाव घातला तर तो दुभंगतो, आडवा घातला तर नुसत्या ढलप्या उडतात. आणि जिथं फांदी फुटलेली असते, तिथं तंतू वळलेले, गुंतलेले असतात. तीच गाठ.

हे मला माझ्या वडिलांनी, अण्णांनी शिकवलं. मी चौथीत होते तेव्हा ते घरोघरी लाकडं फोडायला जायचे. आधी ओंडक्याभोवती एक फेरी मारायचे. वाळताना लाकडाच्या तोंडावर चिरा पडतात. चीर हेरायची, गाठ टाळायची, मग घाव! फारच चिवट ओंडका असेल तर चिरेत लोखंडी पाचर बसवून वर घण. संध्याकाळी आई त्यांच्या तळहातांना खोबरेल तेल लावायची.

एकदा वर्गातली मैत्रीण म्हणाली, "काल तुझे वडील आमच्याकडे लाकडं फोडत होते." मला इतकी लाज वाटली, की मी म्हटलं, "ते माझे वडील नव्हेतच!"

गेल्या वर्षी आमच्या गावच्या वखारीत लाकूड फोडायचं यंत्र आलं. अण्णांना घेऊन बघायला गेले. त्यातही पाचरच! पंप नळकांड्यात तेल दाबतो, तेल दट्ट्याला ढकलतं आणि दट्ट्या ओंडक्याला पाचरीवर रेटतो. मोठ्या दट्ट्याचं क्षेत्रफळ लहान दट्ट्याच्या दहापट असेल, तर जोरही दहापट मिळतो. हा पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाचा नियम. त्यावर चालणाऱ्या दाबयंत्राचं पेटंट इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामानं १७९५ साली घेतलं. फुकट मात्र काही नाही हं! जोर दहापट, पण मोठा दट्ट्या सरकतो एक दशांशच. म्हणून यंत्र सावकाश चालतं.

एक गाठाळ ओंडका आला. कर्रर्र आवाज झाला आणि गाठच फुटली! अण्णा बघतच राहिले.

"हे माझ्या वेळी असतं तर माझी कंबर वाचली असती," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पण पोरी, तुझ्या वह्या कशातून आल्या असत्या गं?"

मला उत्तर सुचेना. तेवढ्यात यंत्रावरच्या मुलानं विचारलं, "बाई, हे कोण?"

"माझे वडील. या गावातली कितीतरी लाकडं यांनी फोडलीत." एवढं वाक्य बोलायला मला पंचवीस वर्षं लागली!

मुलांनो, कुऱ्हाडीला हात लावू नका आणि चालू यंत्राजवळही जाऊ नका बरं का. पण या आठवड्यात घरातल्या पाचरी शोधा आणि मोजा. आणि अण्णांच्या प्रश्नावर आई-बाबांशी बोला. काय उत्तर मिळालं, ते मला नक्की कळवा.