जीव वाचविणाऱ्यांच्या मनाचे काय?

ओडिशातील बालासोर जिल्ह्यात २ जून २०२३ रोजी झालेल्या भीषण रेल्वे अपघातात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनी ४४ जणांना जिवंत बाहेर काढले आणि १२१ मृतदेह हलविले. देशाने त्यांचे मुक्तकंठाने कौतुक केले. काही दिवसांतच दलाच्या तत्कालीन महासंचालकांनी एक अस्वस्थ करणारी गोष्ट जाहीरपणे सांगितली. एका जवानाला पाणी दिसले की रक्ताचा भास होत होता. दुसऱ्याची अन्नावरची वासनाच उडाली होती.

ही दुर्बलता नव्हे, संवेदनशील मनाला झालेली ती जखम आहे. दलप्रमुखांनी ती लपविली नाही आणि जवानांच्या समुपदेशनाची व्यवस्था केली, हे अभिनंदनीयच. परंतु नगरपालिकेच्या अग्निशमन दलातील जवान, १०८ रुग्णवाहिकेवरील डॉक्टर व चालक, अपघातस्थळी प्रथम पोहोचणारा पोलीस शिपाई यांचे काय? त्याच वर्षी जुलैत रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ जण बेपत्ता असतानाच शोधकार्य थांबवावे लागले. ज्यांना वाचविता आले नाही, त्यांचे ओझे घेऊनच हे लोक डोंगर उतरले असतील.

‘टेली-मानस’ची १४४१६ ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून सर्वांसाठी खुली आहे. मात्र गणवेशातला माणूस ‘मला त्रास होतो’ असे आपणहून सांगत नाही. सहकारी काय म्हणतील, बढतीवर परिणाम होईल का, ही धास्ती त्याला गप्प ठेवते. म्हणूनच मोठ्या दुर्घटनेनंतर समुपदेशन सर्वांनाच, कामाच्या वेळेत आणि गोपनीयतेची हमी देऊन मिळायला हवे. कुटुंबीयांनाही त्यात सामावून घ्यावे. बदललेला स्वभाव प्रथम त्यांच्याच लक्षात येतो.

यासाठी पैसा लागतो. राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तार व आधुनिकीकरणासाठी केंद्राने २०२३ मध्ये ५ हजार कोटी रुपयांची योजना जाहीर केली. ते पाऊल स्वागतार्ह होते. गाड्या आणि शिड्या हव्यातच. पण त्या चालविणाऱ्या माणसाच्या मनासाठीही अशा योजनांत आणि महापालिकांच्या अंदाजपत्रकांत स्वतंत्र तरतूद असावी. समुपदेशकाचे वेतन एखाद्या बंबाच्या किमतीपुढे नगण्य आहे.

दरवर्षी १४ एप्रिलला, १९४४ च्या मुंबई गोदीतील स्फोटात प्राणार्पण करणाऱ्या ६६ अग्निशामकांना आपण मानवंदना देतो. हुतात्म्यांचे स्मरण हे आपले कर्तव्यच. परंतु जे जिवंत परतले आणि रात्री झोपू शकत नाहीत, त्यांचे ऋण केवळ पुष्पचक्राने फिटणार नाही.