ही जमीन ओलीच हवी

"दलदल पुन्हा पाण्याखाली घालण्यात कसला आलाय शहाणपणा? देशाला भात हवा, हातांना काम हवं. चिखल राखून कुणाचं पोट भरणार?" इंडोनेशियातल्या पीटच्या जमिनींचा विषय निघाला की हा आक्षेप हमखास येतो. तो घेणारे सगळेच स्वार्थी नसतात. भूक पाहिलेला माणूसही हेच विचारतो, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

आधी पीट म्हणजे काय, ते पाहू. आपल्या रोपवाटिकांत मिळणारं कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. या पीटशी त्याचं नातं नावापुरतं. पाण्यात बुडालेल्या जंगलात गळून पडलेली पानं, मुळं, खोडं हवेअभावी पुरती कुजत नाहीत. त्यांचा काळपट लगदा थरावर थर साचत जातो, वर्षाला जेमतेम एक-दोन मिलिमीटर. मूठभर उचलून पिळला तर पाणी निथळतं आणि हातात तंतू उरतात, शेकडो-हजारो वर्षांपूर्वीच्या झाडांचे. जगाच्या जमिनीपैकी सुमारे ३ टक्के जागा पीटची आहे; पण साऱ्या जंगलांच्या झाडोऱ्यात मिळून जेवढा कार्बन आहे, त्याच्या जवळपास दुप्पट या थरांत आहे. पाणी काढलं की हवा शिरते, लगदा कुजू लागतो आणि साठलेला कार्बन धुराविनाच आकाशात जातो. वाळलेल्या थराला ठिणगी लागली तर धुरासकट जातो.

आता भाताचं पाहू. १९९५मध्ये इंडोनेशियाचे तेव्हाचे अध्यक्ष सुहार्तो यांनी मध्य कालिमंतानमधली सुमारे १० लाख हेक्टर दलदल भातशेतीखाली आणण्याचा हुकूम काढला. जंगल तोडलं, ४,००० किलोमीटरहून अधिक कालवे खणले, जावाहून कुटुंबं आणून वसवली. भात काही पिकला नाही. पीट मुळातच आम्लधर्मी आणि नापीक. शिवाय कित्येक ठिकाणी त्याखालच्या चिकणमातीत गंधकयुक्त खनिजं होती. हवा लागताच त्यांचं आम्ल झालं आणि रोपांची मुळं जळाली. १९९७च्या एल निनोच्या दुष्काळात हीच कोरडी जमीन पेटली. इंडोनेशियातल्या त्या वर्षीच्या पीट आणि जंगलांच्या आगींतून सुटलेला कार्बन, शास्त्रज्ञांच्या अंदाजानुसार, जगभरात वर्षाला खनिज इंधनांतून सुटणाऱ्या कार्बनच्या १३ ते ४० टक्के होता. सुहार्तो सत्तेवरून गेल्यावर प्रकल्प गुंडाळला गेला. कालवे मात्र तसेच राहिले आणि पाणी ओढत राहिले. २०१५मध्ये देशात २६ लाख हेक्टर जळालं; जागतिक बँकेने नुकसान १६ अब्ज डॉलरच्या आसपास धरलं. पोट भरण्याच्या नावाने केलेल्या कामाचा हिशेब हा असा आहे. चिखल राखल्याने कुणी उपाशी राहिलं नाही. चिखल सुकवल्याने मात्र लाखो लेकरांनी आठवडेच्या आठवडे धूर प्याला.

दुसरा आक्षेप शास्त्राच्या भाषेत येतो: जमीन ओली केली की मिथेन सुटतो, मग फायदा काय? मिथेन सुटतो, हे खरंच आहे. पण तो हवेत साधारण दशकभर टिकतो; कोरड्या पीटमधून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा वाटा शतकानुशतकं राहतो आणि दरवर्षी त्यात भर पडते. मिथेनच्या भीतीने जमीन कोरडी ठेवणं म्हणजे आजाराहून औषधाला घाबरणं.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो: "कालव्यांवर बांध घालणारे येतात, फोटो काढतात, गावाला काय मिळतं?" याला आधार आहे. कालिमंतानमधले कालवे हा तिथल्या लोकांचा होड्यांचा रस्ता झाला आहे. गावाला न विचारता तो अडवला तर गाव बांध फोडणारच, आणि तो गावाचा दोष नाही. तिथलं पीट पुन्हा ओलं करण्याचा, ऑस्ट्रेलियाच्या पैशातून २००७मध्ये जाहीर झालेला मोठा प्रकल्प २०१४मध्ये बंद झाला, तेव्हा ठरवल्यापैकी फारच थोडं काम झालं होतं.

म्हणून रिआऊ प्रांतातल्या सुंगाई तोहोर गावाकडे पाहावं. तिथे सागूचे माड आहेत. आपल्या साबुदाण्याचं नाव या सागूवरूनच आलं. आपला दाणा आता टॅपिओकाचा असतो, मूळचा या माडाचा. माड तोडायचा, खोडाचा गाभा किसायचा, पाण्यात कालवून गाळायचा. खाली बसतं ते पीठ. बुंध्यातून नवे कोंब येतात, दलदल उपसावी लागत नाही. शेजारी लागवडीसाठी खणलेल्या कालव्यांनी पाणी ओढलं, तेव्हा हेच माड सुकू लागले आणि २०१४च्या सुरुवातीला आग गावात आली. गावकऱ्यांनी हाक दिली. नोव्हेंबरमध्ये तेव्हाचे अध्यक्ष जोको विडोडो तिथे आले आणि लोकांबरोबर कालवा अडवायला उभे राहिले. तिथे पाणी अडवण्यात पोटावर पाय नव्हता, पोटच वाचवणं होतं. जमीन पुन्हा ओली करायची ती अशी: गावाला विचारून, होडीला वाट ठेवून, सांडवा काढून. गोव्याच्या खाजणशेतीत बांध आणि मानस, म्हणजे पाण्याची दारं, सांभाळणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

पीटवरच्या पामतेलाच्या मळ्यांचं काय, असं विचारलं जाईल. निचरा केलेलं पीट पहिल्या काही वर्षांत मीटरभर खचतं, नंतर वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर. खचत खचत ते नदीच्या पातळीला येतं, मग पुराचं पाणी निघत नाही आणि मळाही बुडतो. आपल्या फरसाणातलं, बिस्किटातलं, साबणातलं पामतेल मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियातून येतं. भारत त्याचा जगातला सर्वांत मोठा आयातदार आहे. हा प्रश्न आपल्या स्वयंपाकघरापासून दूर नाही.

इंडोनेशियाने २०१६मध्ये पीट पूर्ववत करण्यासाठी स्वतंत्र संस्था उभारली, हे योग्य केलं. २०२०मध्ये त्याच कालिमंतानच्या फसलेल्या जमिनीवर पुन्हा अन्नधान्याचा महाप्रकल्प जाहीर केला, हे चूक केलं. तिथे आजही शेकडो किलोमीटर कालवे उघडे आहेत. नवा नांगर लावण्याआधी ते अडवा.