न दुखणाऱ्या दंशाबाबत उपनगरवासीयांना जाहीर आवाहन

बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत पसरलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला, आरेतील पाड्यांवर, तसेच अंधेरी व घाटकोपरच्या डोंगरउतारांवरील वस्त्यांत पावसाळ्यात साप निघणे नवे नाही, आणि निघणाऱ्यांपैकी बहुतेक धामण, कवड्या, दिवड असे बिनविषारीच असतात. जिवावर बेतणारे दंश प्रामुख्याने नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांचे. त्यांत नागाची धास्ती सर्वांत मोठी असली, तरी दक्षतेची खरी गरज मण्यारीबाबत आहे, कारण ती रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्याला अंथरुणातच चावते, आणि तिचे दात इतके बारीक असतात की पुष्कळदा दंशाची खूण शोधूनही सापडत नाही, वेदना वा सूजही फारशी येत नाही.

मण्यारीचे विष मज्जाविषारी, म्हणजे मज्जातंतूकडून स्नायूकडे जाणारा संदेश तोडणारे असते. ते मज्जातंतूंची टोकेच निकामी करत असल्याने पापण्या मिटू लागल्यावर दिलेल्या प्रतिविषाचा उपयोग फार थोडा उरतो आणि रुग्णाला कित्येक दिवस कृत्रिम श्वासोच्छ्वासावर जगवावे लागू शकते. घोणस व फुरसे यांचे विष रक्तविषारी, म्हणजे रक्ताची गोठण्याची शक्तीच संपवणारे. म्हणून डॉक्टर कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवतात आणि ते गोठते की नाही हे पाहतात.

घोड्यांना विषाच्या अल्प मात्रा टोचून त्यांच्या रक्तद्रवापासून बनवलेले प्रतिविष, ज्या कामाशी परळच्या हाफकिनचे नाव दीर्घकाळ जोडलेले आहे, या चारही सापांवर चालते. त्यामुळे साप मारून वा पकडून रुग्णालयात नेण्याचे कारण नाही. लहान मुलालाही मात्रा प्रौढाइतकीच द्यावी लागते, कारण मूल लहान म्हणून सापाने टोचलेले विष कमी झालेले नसते.

सबब सर्व रहिवाशांना आवाहन करण्यात येते की, दंशाच्या जागेवर दोरी आवळू नये, चिरा देऊ नये, विष चोखू नये, भगताकडे नेण्यात वेळ घालवू नये. दंश झालेला अवयव हाडमोडीप्रमाणे आधार देऊन स्थिर ठेवावा आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका किंवा हाताशी येईल ते वाहन घेऊन कूपर, राजावाडी यांसारखे जवळचे मोठे रुग्णालय गाठावे. घरात साप आढळल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नागासारख्या सापांना संरक्षण असून त्यांना मारणे हा गुन्हा आहे. पावसाळ्यात खाटेवर, ते शक्य नसल्यास गादीखाली नीट खोचलेल्या मच्छरदाणीत झोपावे. जमिनीवर झोपलेल्या कोणाच्या पोटात पहाटे कारण नसताना दुखू लागले, उलट्या झाल्या किंवा पापण्या जड होऊ लागल्या, तर अंगावर खूण नसली तरी रुग्णालयात न्यावे आणि तो जमिनीवर झोपला होता हे डॉक्टरांना सर्वांत आधी सांगावे.