नाट्यसंहिता, प्रमाणपत्र आणि हवा असलेला एक कायदा

१८७६चा नाट्यप्रयोगविषयक कायदा संसदेने रद्द केला तो जानेवारी २०१८मध्ये अमलात आलेल्या एका निरसन अधिनियमाने. कालबाह्य कायद्यांच्या लांबलचक यादीत तोही गेला. ‘नीलदर्पण’ आणि ‘गजदानंद’सारख्या नाटकांनी अस्वस्थ झालेल्या सरकारने ज्या हत्याराची घडण केली, ते हत्यार अखेर मोडीत निघाले याचे समाधान वाटावे, हे स्वाभाविक आहे. महाराष्ट्रातल्या नाटकवाल्याला मात्र त्यामुळे काडीचाही फरक पडला नाही. त्याच्या वाटेतला अडसर त्या कायद्यात नव्हताच. तो आहे १९५१च्या पोलीस कायद्यात, म्हणजे स्वतंत्र भारतात केलेल्या कायद्यात.

या कायद्याचे कलम ३३ पोलिसांना नियम करण्याचे अधिकार देते. वाहतूक, मिरवणुका, करमणुकीच्या जागा यांच्या रांगेतच तिथे नाटक, मेळे आणि तमाशे येतात. प्रयोगापूर्वी संहिता तपासून योग्यतेचे प्रमाणपत्र देणाऱ्या, राज्य सरकारने नेमलेल्या मंडळाचे मूळही याच कलमात आहे. या मंडळाला आपण ‘रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ’ म्हणतो. बोलताना सारेच ‘सेन्सॉर’ म्हणतात, आणि ते अधिक प्रामाणिक आहे.

१८७६च्या कायद्याचा मुख्य भर आक्षेपार्ह वाटलेला प्रयोग थांबवण्यावर होता. आगाऊ परवान्याची सक्ती करायची, तर सरकारला त्या-त्या प्रदेशापुरती तशी वेगळी अधिसूचना काढावी लागे. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७मध्ये रंगभूमीवर आले आणि त्यावर बंदी आली १९१०मध्ये. मधल्या काळात लोकांनी ते पाहिले, त्यातला कर्झन ओळखला. सरकारला तो ओळखायला थोडा वेळ लागला, एवढेच. आजच्या व्यवस्थेत संहिता आधी मंडळाकडे जाते. परक्या सत्तेने अपवाद म्हणून राखून ठेवलेली गोष्ट आपण नित्यनियम केली, हे कोणत्याही वाङ्मयेतिहासात ठळकपणे नोंदवले जायला हवे.

तमाशाच्या बाबतीत तर हा नियम हास्यास्पद होतो. बतावणी ही संहितेत मावणारी गोष्ट नव्हे. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडके त्या-त्या दिवसाच्या राजकारणावर जी टोलेबाजी करीत, ती कोणत्या कागदावर तपासायची? उत्स्फूर्तता हाच ज्या प्रकाराचा प्राण, त्याच्याकडून आगाऊ लेखी शब्द मागणे म्हणजे एकतर खोटी संहिता सादर करायला लावणे, नाहीतर नटाचे तोंड बांधणे.

प्रमाणपत्र नाटकाचे संरक्षणच करते, असा एक युक्तिवाद केला जातो. मंडळाने संमत केलेले नाटक कोणी अडवू शकत नाही, असे त्यात गृहीत धरलेले असते. १९७२मध्ये ‘सखाराम बाइंडर’ रंगभूमीवर आले ते मंडळाशी झगडतच, आणि कमलाकर सारंगांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. तो लढा त्यांनी ‘बाइंडरचे दिवस’मध्ये लिहून ठेवला आहे आणि नाट्यवाङ्मयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने तो वाचावा. १९९८मध्ये ‘मी नथुराम गोडसे बोलतोय’चे रीतसर सुरू झालेले प्रयोग सरकारच्याच भूमिकेमुळे थांबले. त्या नाटकाचा आशय मला मुळीच मान्य नाही. पण एकदा दिलेल्या प्रमाणपत्राची सरकारला किती चाड असते, ते त्यातून दिसले.

चित्रपटाच्या पूर्वपरीक्षणाला सर्वोच्च न्यायालयाने १९७०च्या अब्बास खटल्यात मान्यता दिली, ती त्या माध्यमाच्या विशेष प्रभावाच्या आधारावर. वृत्तपत्रावरचे पूर्वनियंत्रण त्याच न्यायालयाने १९५०मध्येच अवैध ठरवले होते. नाटकाला यांपैकी कोणत्या बाजूला बसवायचे, या प्रश्नाला हात घालत अमोल पालेकर २०१६मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेले. तमिळनाडूतला नाट्यप्रयोगविषयक कायदा मद्रास उच्च न्यायालयाने २०१३मध्ये घटनाबाह्य ठरवला, तोही ज्ञानी या नाटककार-पत्रकाराच्या याचिकेवरून. पण प्रत्येक वेळी एखाद्या कलावंताने वकील गाठायचा आणि विधिमंडळाने स्वस्थ बसायचे, ही वाटणी मला पटत नाही. नाट्यप्रयोग हा विषय राज्यसूचीत आहे. दिल्लीकडे बोट दाखवण्याची सोय इथे नाही.

असा कायदा कसा असावा, याचा नमुना शोधायला फार लांब जायला नको. आपल्याला १८७६चा कायदा देणाऱ्या ब्रिटननेच १९६८च्या थिएटर्स ॲक्टने १७३७पासून चालत आलेली लॉर्ड चेंबरलेनची नाट्यतपासणी बंद केली. जॉर्ज स्ट्रॉस या खासदाराने ते अशासकीय विधेयक म्हणून मांडले होते. मला त्यातला पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. अश्लीलतेचा आरोप ठेवायचा, तर ॲटर्नी जनरलची संमती आवश्यक केली गेली. आणि नाटक, कला, साहित्य यांच्या दृष्टीने प्रयोग लोकहिताचा होता, असा बचाव तज्ज्ञांच्या साक्षीने करण्याची मुभा दिली गेली. दार उघडल्यावर मागल्या खिडकीतून कोण शिरेल, याचाही विचार त्या कायद्याने केला होता.

आपल्याकडे हा दुसरा भाग पहिल्याहून निकडीचा आहे. मंडळ उद्या बरखास्त झाले आणि तालुक्याच्या कोणत्याही ठाण्यात कोणाच्याही दुखावलेल्या भावनेवरून गुन्हा नोंदवता आला, तर निर्माता स्वतःच जुन्या प्रमाणपत्राची मागणी करील. तेव्हा पोलीस कायद्यातला तो उपखंड वगळावा. संहितेच्या आशयावरून गुन्हा नोंदवण्यापूर्वी महाधिवक्त्याची लेखी, सकारण संमती सक्तीची करावी. आणि गोंधळ घालणाऱ्यांपासून चालू प्रयोगाचे रक्षण करणे हे पोलिसांचे कर्तव्य म्हणून नमूद करावे. जमावाच्या भीतीने प्रयोगच बंद करण्याची पळवाट त्यांना ठेवू नये.

एकांकिका स्पर्धांच्या मोसमात मुले संहिता घेऊन येतात. व्यक्तिरेखा उभी राहिली का, शेवट जमला का, हे प्रश्न नंतरचे असतात. पहिला प्रश्न बहुधा असा असतो : “सर, हे वाक्य सेन्सॉरला चालेल ना?” वय वर्षे एकोणीस, पहिलेच नाटक, आणि तो विचारीपर्यंत ते वाक्य पेन्सिलीने अर्धे खोडलेलेही असते.