डिचपल्लीहून आलेली गोळी

कुष्ठरोग म्हटलं की मराठी माणसाला आनंदवन आठवतं. जरा जास्त वाचणाऱ्याला अमरावतीचं तपोवन आणि वर्ध्याजवळचं दत्तपूर. हे सगळं विदर्भातलं. निजामाच्या मुलखातल्या महारोग्यांसाठी कोण काय करत होतं, हे मात्र मराठवाड्यात फारसं कुणी विचारत नाही. उत्तर शोधायला लांब जायला नको, ते नांदेडच्याच रेल्वेमार्गावर आहे. मुदखेड, उमरी, धर्माबाद, बासर, निजामाबाद आणि पुढे डिचपल्ली. तिथलं कुष्ठरुग्णालय मेथडिस्ट मिशनचं.

जॉन वेस्लीच्या शिकवणीतून अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये मेथडिस्ट पंथ निघाला. त्याच्या मिशनांनी निजामाचं राज्य जणू आपसांत वाटून घेतलं होतं. बीदरकडे अमेरिकन मेथडिस्ट, तर मेदक-निजामाबादकडे ब्रिटिश वेस्लियन. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यातच होते, म्हणजे आजचा निम्मा लातूर जिल्हा या वाटणीच्या नकाशात येतो. डिचपल्लीचं कुष्ठरुग्णालय १९१५ साली उभं केलं ते वेस्लियन मिशनच्या डॉ. इझाबेल केर आणि त्यांचे पती रेव्हरंड जॉर्ज केर यांनी. दोघं स्कॉटलंडचे. मोठी देणगी मात्र निजामाबादच्या राजा नरसा गौड यांची. हिंदू दात्याचा पैसा, मुसलमान राजाचं राज्य आणि ख्रिस्ती डॉक्टरीणबाई! आज अशी तिघांची नावं एका कोनशिलेवर आली, तर आधी वाद होईल.

त्या काळी औषध म्हणजे चालमोगऱ्याच्या जातीच्या बियांचं तेल. पुढे ते सुईने टोचायचे. दुखायचं पुष्कळ, गुण बेताचाच. तरी या रोगाला इलाज आहे म्हणून डॉक्टर माणसाला हात लावतो, हेच तेव्हा नवं होतं.

खरी गोष्ट पुढे आहे. डिचपल्लीला काम केलेले एक मेथडिस्ट डॉक्टर, जॉन लो, नंतर कलकत्त्याला कुष्ठरोगाच्या संशोधनात गेले आणि तिथून पोचले नायजेरियात, उझुआकोली इथे. तिथली कुष्ठरोग वसाहतही मेथडिस्ट मिशननेच उभारलेली. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस लो यांनी तिथे डॅप्सोन हे औषध अल्प मात्रेत, तोंडावाटे देऊन त्याचा गुण दाखवून दिला. सुई सुटली, गोळी आली. स्वस्त, आणि खेड्यात नेऊन वाटता येईल अशी. आज नांदेड किंवा लातूरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात कुष्ठरुग्णाच्या हातावर जे पाकीट ठेवतात, त्यातली पांढरी गोळी हीच.

मिशनवाल्यांचं सगळं गोड मानून घ्या असं मी म्हणत नाही. औषधासोबत उपदेश होता, धर्मप्रसाराचा हेतू उघड होता. रोग्यांना गावापासून तोडून वसाहतीत ठेवण्याची पद्धतही पुढे चुकीचीच ठरली. टीका जरूर करावी, पण आधी नोंद तरी करावी. आपल्याकडे निजामकाळ म्हटला की रझाकार आणि मुक्तिसंग्राम. त्यावर प्रबंध होतात, व्हायलाच हवेत. पण नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठातल्या एखाद्या विद्यार्थ्याने गाडी पकडून डिचपल्लीला उतरावं आणि सीमेअलीकडच्या मराठी रुग्णांचा माग काढावा. याहून जवळचा आणि कोरा विषय त्याला मिळणार नाही.

विषय इतिहासजमा झालेला नाही म्हणूनही हे लिहितो आहे. २००५ च्या अखेरीस देशाने कुष्ठरोगाचं 'दूरीकरण' झाल्याचं जाहीर केलं. त्याचा अर्थ एवढाच, की देशपातळीवर रुग्णांचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं. आपण मात्र रोग गेला असं समजून बसलो. अजूनही जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात सापडतात. कायदाही हळूच शहाणा झाला. १८९८ चा लेपर्स ॲक्ट रद्द व्हायला २०१६ उजाडलं आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यातून निघालं ते २०१९ मध्ये.

आशाताई घरोघर तपासणीला येतात तेव्हा बायका सदऱ्याची बाही वर करायला लाजतात आणि पुरुष 'मला काही झालं नाही' म्हणून रानात निघून जातात. औषध सुरू झालं की एका गोळीने लघवी लाल होते, दुसरीने कातडी काळवंडते. मग भाऊबंदांत विचारणा नको म्हणून पाकीट फडताळात पडून राहतं. हे दोन्ही बदल औषधाचे आहेत, रोग वाढल्याचे नव्हेत, आणि उपचार संपल्यावर ते ओसरतात. आरोग्य कर्मचाऱ्याने हे पहिल्याच दिवशी, घरच्यांच्या देखत सांगायला हवं.

तेव्हा वाचकहो, अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तो खाजत नसेल, दुखत नसेल, त्यावर कापूस फिरवला तरी कळत नसेल, तर वाट पाहू नका. सरकारी आरोग्य केंद्रात औषध फुकट मिळतं. सहा महिने किंवा वर्षभर घ्यावं लागतं, आणि ते घरी राहूनच घेता येतं.