मुलांचे हात : पिशवीची दोरी, दोरीचा चेंडू

आठवडी बाजार झाला, की घरोघरी पिशवीतून पिशव्या निघतात. मिरच्यांची एक, वांग्यांची एक, भज्यांची एक, पोरांच्या खाऊची आणखी एक. राज्यात मार्च २०१८ मध्ये या पिशव्यांवर बंदी आली. देशभरातही १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी ३१ डिसेंबर २०२२ पासून चालत नाही. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पण बाजारातल्या पालावर मायक्रॉन मोजायला कोण बसले आहे? पिशव्या येतातच, आणि रात्री चुलीपाशी प्रश्न उरतो तो हा, की आता हिचे करायचे काय?

चुलीत घालू नका, हे आधी सांगते. तो धूर आधी घरच्या बाईच्या छातीत जातो. उकिरड्यावर टाकली तर शेणखतातून शेतात येते आणि पाळी घालताना कुळवाच्या फासाला गुंडाळून बसते. आणि भाजीची देठे, शिळी भाकरी पिशवीत बांधून दाराबाहेर टाकली, तर गोठ्यावरच संकट येते. गाय काही आपल्यासारखी निवडून खात नाही. ती वासाला भुलते, पिशवीसकट गिळते आणि मग सावकाश रवंथ करते. कोठीपोटात गेलेले प्लास्टिक कुजत नाही, सहसा पुढेही सरकत नाही, तिथेच गोळा होत राहते. जनावर चारा कमी खाते, रवंथ मंदावतो, पोट वरचेवर फुगते, दूध आटते. घरचे म्हणतात, दृष्ट लागली. हा गोळा औषधाने विरघळत नाही. डाव्या कुशीला छेद देऊन डॉक्टरांना तो हाताने बाहेर काढावा लागतो. एका गाईच्या पोटातून वीस-तीस किलो प्लास्टिक निघाल्याची उदाहरणे आपल्या देशात आहेत. दुभत्या गाईची किंमत काय असते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

शहराने टाकलेला कचरा शेजारच्या गावांना किती जाचतो, हे आपल्या जिल्ह्याने पाहिलेच आहे. नारेगावच्या डेपोवर औरंगाबादचा कचरा वर्षानुवर्षे पडत होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगाव-मांडकी भागातल्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि शहरात रस्तोरस्ती ढीग लागले. शहराचे नाव बदलून छत्रपती संभाजीनगर झाले, पण ते दिवस लोक विसरलेले नाहीत. आता तर गावातल्या ओढ्याकाठीही असा छोटा डेपो दिसू लागला आहे.

म्हणून आज पोरांच्या हाताला काम. याने जगातले प्लास्टिक संपणार नाही. जुन्या लुगड्याची शिवलेली पिशवी बाजारात नेणे केव्हाही चांगले. पण जी पिशवी घरात आलीच आहे, ती गाईच्या आधी पोराच्या हाती पडलेली बरी.

वहिनी, आधी एक काम तुमचे. पिशव्या तुम्ही निवडून द्या. भाजीच्या, किराण्याच्या, कपड्याच्या दुकानातल्या पिशव्या चालतील. दुधाची पिशवी चालेल, पण साबणाच्या पाण्याने आतून नीट धुऊन, नाहीतर आंबूस वास मुंग्यांना बोलावतो. कीटकनाशकाची पुडी किंवा पिशवी मात्र कितीही धुतली तरी मुलांच्या हाती द्यायची नाही. खताची नाही, बियाण्याचीही नाही. कपाशीच्या बियाण्याला औषध चोळलेले असते, त्याचा रंग पिशवीला आतून लागलेला असतो. पोरे कामात रंगली की दोरीचे टोक दातात धरतात, हे लक्षात ठेवा. रांगते मूल घरात असेल तर अख्खी पिशवी जमिनीवर राहू देऊ नका. डोक्यात अडकली तर श्वास कोंडायला वेळ लागत नाही.

आता पोरांनो, तुम्ही या. धुऊन वाळलेली पिशवी जमिनीवर सपाट पसरा. वरचे दोन कान कापा, खालची जोडलेली पट्टी कापा. (ही कानांची पिशवी स्वीडनमधल्या स्टेन गुस्टाफ थुलीन नावाच्या माणसाने १९६० च्या दशकात शोधून काढली. एका अख्ख्या नळीतून पिशवी करायची ही त्याची युक्ती, आणि आपल्यालाही आज तीच नळी उपयोगी पडणार आहे.) आता तुमच्यासमोर दोन्हीकडून उघडी नळी आहे. तिची उभी घडी घाला आणि दोन बोटे रुंदीचे आडवे तुकडे कापा. उघडले की प्रत्येक तुकडा म्हणजे एक बंद कडे. सात वर्षांखालच्यांनी कापण्याचे काम ताई-दादाकडे द्यावे.

कडी एकमेकांत कशी अडकवायची? दावे खुंट्याला कसे फासतात ते आठवा. पहिल्या कड्याच्या टोकातून दुसऱ्या कड्याचे तोंड आत घ्या, त्याच तोंडातून दुसऱ्याचे शेपूट ओढून काढा. फास बसतो. गाठ मारायची गरज नाही. फक्त हिसका देऊ नका, हळूहळू ओढा, नाहीतर पट्टी तुटते. असे जोडत गेलात की दोरा तयार. एक हातभर लांब, वीतभराहून थोडी रुंद पिशवी घेतलीत तर तिच्यातून साडेतीन मीटरच्या आसपास दोरा निघतो. तो बुजगावण्याच्या काठीवर गुंडाळून ठेवा, गुंता होत नाही.

सगळ्यात आधी चेंडू करा. दोन-तीन पिशव्या मुठीत चुरगाळून एकीत कोंबा, वर दोरा आडवा-उभा-तिरका घट्ट गुंडाळत जा आणि शेवटचे टोक दाभणाने आत खोचा. आपल्या आजोबांच्या चिंध्यांच्या चेंडूचाच हा भाऊ. लगोरीला उत्तम, आणि आबाधुबीत पाठीवर बसला तरी वळ उठत नाही. आफ्रिकेत केनिया, मोझांबिकसारख्या देशांतली पोरे असाच पिशव्या आणि सुतळीचा फुटबॉल करून खेळतात.

मुलींना (आणि कोण म्हणते मुलग्यांना नको?) उडी मारायची दोरी करता येईल. वेणी घालता येते ना? दोन-दोन दोऱ्यांचा एक पेड, असे तीन पेड घ्या, एक टोक खांबाला बांधा आणि वेणी घाला. पाच-सहा पिशव्या लागतात. टोकाला बोरूएवढे लाकूड बसवले की मूठ झाली. हीच वेणी चकलीसारखी गोल वळवून सुतळीने टाचली तर बसायला आसन होते. पावसाळ्यात ओट्यावर टाका, भिजले तरी झटकले की कोरडे. गरम पातेल्याखाली मात्र ठेवू नका, वितळून बुडाला चिकटते. इस्त्रीने पिशव्या चिकटवण्याचे खेळही कोणी शिकवले तरी करू नका, त्याचा वास बरा नव्हे.

थोड्या मोठ्या मुलांसाठी माग. पैठण आपल्याच जिल्ह्यात. पैठणीच्या मागावर एकेका रंगाची वेगळी कांडी असते आणि विणकर बोटांनी ती उभ्या धाग्यांतून खेळवतो. आपला माग वहीच्या पुठ्ठ्याचा. वरच्या-खालच्या कडेला बोटभर अंतरावर खाचा पाडा, सुतळी उभी ताणा, हा ताणा. पिशवीचा दोरा एका सुतळीवरून, दुसरीखालून न्या, हा बाणा. परतताना उलट. प्रत्येक ओळ कंगव्याने खाली ठोका. लाल, निळ्या, पांढऱ्या पिशव्यांचे पट्टे फार छान दिसतात. दोन तुकडे जोडले की पाटी-पेन्सिलीची पिशवी. हा नुसता पोरखेळ नाही. पुण्यात 'रीचरखा' आणि 'इकोकारी' नावाचे उद्योग वापरलेल्या पिशव्यांच्या पट्ट्या चरख्यावर गुंडाळून हातमागावर विणतात आणि त्या कापडाच्या पिशव्या, बटवे विकतात. पुण्याच्याच आयुकातल्या मुक्तांगणात अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करायला मुलांना वर्षानुवर्षे शिकवले. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली.

पोळा आला की गोंडे हवेतच. बोटांभोवती दोरा पन्नास वेळा गुंडाळा, मधोमध करकचून बांधा, दोन्ही कडा कापा, झाला गोंडा. तो मातीच्या बैलाला खुशाल बांधा, दारावर तोरण करा. गोठ्यातल्या खऱ्या बैलाला मात्र लोकरीचा किंवा सुताचाच. बैल एकमेकांना चाटतात, ओढतात, आणि तोच गोंडा शेवटी पोटात जातो.

काम झाल्यावर कात्रणे वाऱ्यावर सोडू नका. एक रिकामी बाटली जवळ ठेवा आणि काडीने ठासून तिच्यात भरा. भरून घट्ट झाली, की दाराचा अडसर म्हणून छान चालते. तुटलेली दोरी आणि फाटलेला चेंडूही तिच्याच सोबतीला.

पुढच्या अंकात चिपाडाची बैलगाडी, चाकांसकट. कडब्याच्या गंजीतली जाड, सरळ ताटे आतापासून वेगळी काढून माळवदावर वाळत टाका. ओल्या ताटाची गाडी दुसऱ्या दिवशी वाकडी होते.