दुबळ्या हातालाही काम द्या

आमच्या परिचयाच्या एक भगिनी दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतून रोज सकाळी सदाशिव पेठेत धुण्याभांड्याला जातात. त्यांचे यजमान रंगकाम करीत. गेल्या वर्षी त्यांच्या अंगावरून वारे गेले आणि उजवी बाजू लुळी पडली. काही महिन्यांनी मनगट व बोटे हलू लागली. तरी पेला उचलायचा झाला की डावाच हात पुढे येई. बाई म्हणायच्या, "अहो, उजव्याने उचला ना." त्यावर उत्तर ठरलेले, "महात्मा फुल्यांनी डाव्या हातानंच पुस्तक लिहिलं की!" यावर बाई काय बोलणार? घाईघाईने घास भरवून त्या कामावर पळत.

पेठेतल्या एका घरी मात्र त्यांनी वेगळेच पाहिले. तिथल्या आजींनाही असाच झटका आलेला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या ताईंनी आजींच्या चांगल्या हातावर जाड मोजा चढवला आणि दुबळ्या हाताने एकेक वाटाणा वाटीत टाकायला लावला. बाईंना आधी हा छळच वाटला. धीर करून विचारले, तेव्हा ताईंनी कारण सांगितले. हे ज्ञान पेठेतल्या चार भिंतींत राहू नये, म्हणून आम्ही ते येथे देत आहोत.

झटक्यानंतर दुबळा हात उचलायला फार कष्ट पडतात, वस्तू सांडते, वेळ लागतो. म्हणून रोगी नकळत चांगला हात निवडतो. दिवसातून शंभर वेळा असे झाले की दुबळा हात न वापरण्याची सवयच जडते. पुढे त्यात थोडी ताकद आली तरी तो पुढे येत नाही. अमेरिकेतील शास्त्रज्ञ एडवर्ड टाऊब यांनी हे आधी माकडांत पाहिले. चांगला हात बांधताच माकडे टाकून दिलेला हात वापरू लागली. २००६ साली तेथे २२२ रोग्यांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. झटक्याला तीन ते नऊ महिने झालेल्या या रोग्यांपैकी काहींच्या चांगल्या हातावर दोन आठवडे, जागेपणी बहुतेक सर्व वेळ, मोजा ठेवला आणि दुबळ्या हाताकडून रोज सराव करून घेतला. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा त्यांचा हात अधिक सुधारला आणि वर्षभराने पाहिले तेव्हाही तो फरक टिकून होता.

आता फुल्यांची गोष्ट. १८८८ साली पक्षाघाताने त्यांचा उजवा हात निकामी झाला. त्यांनी डाव्या हाताने लिहून 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पुरे केले. १८९० साली त्यांचे निधन झाले आणि पुस्तक १८९१ साली छापून निघाले. हाती वेळ थोडा होता आणि आजचे हे उपचार तेव्हा नव्हते. त्यांची जिद्द आपण जरूर घ्यावी, पण हलणारा हात टाकून देण्यासाठी त्यांचे नाव पुढे करू नये.

मात्र हा उपाय सर्वांसाठी नाही. मनगट व बोटे थोडी तरी हलत असली पाहिजेत. मोजा घालण्याआधी डॉक्टरांना विचारा. चालताना, काठी धरताना आणि विस्तवाजवळ मोजा नको. दुबळा हात धरून रोग्याला ओढू नका, खांदा दुखावतो. आणि घरच्यांनो, तो धडपडत असताना लगेच मदतीला धावू नका.

त्या भगिनींनी सरकारी रुग्णालयात विचारून घरीच जुना पायमोजा वापरला. आता त्या अर्धा तास लवकर उठतात. परवा आम्ही गेलो तेव्हा यजमान उजव्या हाताने पोहे खात होते. निम्मे पोहे लुंगीवर सांडले होते. ब्रश अजून हातात धरवत नाही आणि घर बाईंच्याच मजुरीवर चालते. पण घास त्यांचा त्यांनीच उचलला होता. बाई शेजारी बसून होत्या, हात आवरून.